स्टॉप बटण कोणी दाबलं?

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत माझी ओळख ‘कॉम्प्युटरवाल्या राणे मॅडम’ अशी आहे. कोणाचं वायफाय गेलं, कोणाचा टीव्ही रुसला की माझी बेल वाजते. यातलं मला फारसं कळत नाही, हे सांगून सांगून मी दमले. एकतीस वर्षं मी कारखान्यांतल्या मशीनांना हुकूम देणाऱ्या कंट्रोलरची कामं केली. आमच्या धंद्यात त्याला पीएलसी म्हणतात. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड. त्यावर सिनेमा बघता येत नाही. म्हणून तो कोणाला माहीत नसतो.

तरी घरातली खोकल्याच्या औषधाची बाटली हातात घ्या. ती रिकामी असताना पट्ट्यावरून सरकत आली, नळीखाली थांबली, तिच्यात मापात औषध पडलं, मग झाकण बसलं, लेबल लागलं. कोणी कधी थांबायचं, कोणी कधी सुटायचं, हे तो कंट्रोलर ठरवत असतो. पोलादी कपाटात, म्हणजे पॅनेलमध्ये, पुस्तकं लावावीत तसे ओळीने ठोकळे बसवलेले असतात. पहिला वीज देणारा. दुसरा मेंदू. त्यानंतरचे काही बाहेरची खबर आत आणणारे आणि काही आतला हुकूम बाहेर नेणारे. प्रत्येक तारेसमोर एक बारीक हिरवा दिवा. दिवा लागला म्हणजे ‘हो’, विझला म्हणजे ‘नाही’. तिसरं उत्तर त्याला माहीत नाही. त्या ‘नाही’ने मला काय शिकवलं, तेच सांगायला बसले आहे.

मी कामाला लागले तेव्हा या धंद्यात बायका जवळपास नव्हत्याच. अंधेरीच्या एका कारखान्यात मी पॅनेल उघडून अर्धा तास काम करत होते, तेव्हा मालकांनी दोनदा येऊन विचारलं, इंजिनिअर कधी येणार. तिसऱ्यांदा आले तेव्हा मशीन चालू झालं होतं. जोगेश्वरीच्या एका बेकरीत दसऱ्याला पॅनेलच्या पंख्यावरच झेंडूचा हार घातला होता. आतला मेंदू तापून बंद पडला आणि मी हार काढायला सांगितलं, तर तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी धर्मच बुडवायला आले आहे. अशा गोष्टी मी लग्नाकार्यात रंगवून सांगते आणि लोक हसतात. भांडुपची गोष्ट मात्र मी फारशी कोणाला सांगितलेली नाही.

भांडुपला औषधांचा एक मध्यम कारखाना होता, तीन मजली. तिथल्या सिरप भरायच्या लाइनची पीएलसी आमच्या कंपनीने बसवली होती आणि ती चालू करून देणारी मीच. मुख्य पॅनेल तळमजल्यावर होतं आणि बाटल्या भरायचं मशीन पहिल्या मजल्यावर. प्रत्येक बटणाची तार वरून खाली ओढली असती तर तारांचा भारा झाला असता. म्हणून वर एक छोटं पॅनेल ठेवलं आणि दोघांमध्ये एक बारीक, जांभळी केबल टाकली. खालचा मेंदू वरच्या पॅनेलला सेकंदाला कित्येक वेळा विचारतो, काय खबर? वरचं पॅनेल उत्तर देतं. फोनवर दोन माणसं सतत बोलत राहावीत, तसा त्यांचा संसार. आठ वर्षं तो सुरळीत चालला.

मग एक दिवस तिथले मॅनेजर सावंत साहेब यांचा फोन आला. लाइन मध्येच बंद पडते, दिवसातून एकदा, कधी दोनदा. बंद पडली की नळ्यांखालच्या बाटल्या अर्धवट राहतात आणि नियमाप्रमाणे टाकून द्याव्या लागतात. मी गेले. पॅनेलसमोर लॅपटॉप उघडला. लाइन केव्हा आणि का थांबली त्याची यादी पडद्यावर आली, मीच लिहून ठेवलेल्या वाक्यांत; मशीनपाशीही ती दाखवणारा एक छोटा पडदा होता. प्रत्येक वेळी एकच ओळ होती: पहिला मजला, स्टॉप बटण दाबलं.

मशीनवर वंदना गायकवाड नावाची ऑपरेटर होती. पस्तीस-छत्तीसची, मानखुर्दला राहणारी. ती पॅकिंगला लागली होती, नऊ वर्षांनी ऑपरेटर झाली. त्या लाइनवरची ती पहिली बाई ऑपरेटर, हे मला नंतर समजलं. सावंत साहेबांनी तिला बोलावलं. डोक्याला टोपी, तोंडावर मास्क, त्यामुळे मला तिचे फक्त डोळे दिसत होते. मी तिला विचारलं की चुकून हात लागतो का, बाटली सरळ करताना कोपर वगैरे लागतं का. ती नाही म्हणाली. मी यादी दाखवली.

‘‘मॅडम, मी बटणाला हात लावलेला नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तुमचं मशीन खोटं बोलतंय.’’

‘‘मशीन खोटं बोलत नाही,’’ मी म्हटलं. हे वाक्य मी तोवर शंभर ठिकाणी म्हटलं असेल.

ती आणखी काही सांगणार होती. केव्हा केव्हा बंद पडतं ते मी लिहून ठेवलंय, असं काहीतरी म्हणाली. मला दुपारी अंधेरीला दुसरीकडे पोचायचं होतं. मी लॅपटॉप मिटला आणि रिपोर्ट लिहिला. इंग्रजीत, नेहमीसारखा, तीन ओळींचा. कंट्रोलर व्यवस्थित आहे, केबल व्यवस्थित आहे, थांबण्याचं कारण ऑपरेटरची चूक. खाली सही केली.

खरं म्हणजे केबल मी तपासलीच नव्हती. मेंदूच्या पोटात आणखी एक नोंद असते. वरच्या पॅनेलशी बोलणं किती वेळा तुटलं, त्याची. ती उघडून बघणं दहा मिनिटांचं काम होतं. यादीत बटणाचं नाव दिसलं, समोर बाई उभी होती, आणि मला दुसरं काही शोधावंसं वाटलं नाही. एके काळी जिला लोक इंजिनिअर कधी येणार म्हणून विचारत होते, ती मीच.

महिनाभराने सावंत साहेबांचा पुन्हा फोन आला. या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता. वंदनाला त्यांनी मेमो दिला होता, मशीनवरून काढून परत पॅकिंगला बसवलं होतं आणि तिची चौकशी लावली होती. तिच्या जागी दुसरा ऑपरेटर आला. तो पहिले काही दिवस लाइन थांबली की गुपचूप परत चालू करायचा, कारण मेमो त्यालाही नको होता. त्या सकाळी सावंत साहेब स्वतः मशीनपाशी उभे असताना लाइन थांबली.

‘‘तो माझ्यासमोर उभा होता, मॅडम. दोन्ही हात मागे,’’ ते म्हणाले. ‘‘आणि पडद्यावर आलं, स्टॉप बटण दाबलं.’’

मी फोन ठेवला. काय झालं असणार ते मला त्याच क्षणी कळलं होतं. ते तुम्हालाही सांगायला हवं, कारण ते अवघड नाही.

थांबवायचं लाल बटण आम्ही मुद्दाम उलटं जोडतो. बटण मोकळं असतं तेव्हा त्याच्यातून वीज वाहत असते आणि दिवा लागलेला असतो. बटण दाबलं की वीज तुटते, दिवा विझतो, मशीन थांबतं. यामागे शहाणपण आहे. उद्या उंदराने तार कुरतडली तरी दिवा विझेल आणि मशीन थांबेल. धोक्याच्या बाबतीत चूक झाली तर ती थांबण्याच्या बाजूने व्हावी. पण वरच्या पॅनेलशी चाललेलं बोलणंच क्षणभर तुटलं तर? मग खालच्या मेंदूला वरून काहीच ऐकू येत नाही. आणि काहीच ऐकू आलं नाही की वरचे सगळे दिवे विझले असं तो धरतो. सगळे विझले म्हणजे स्टॉप बटणाचाही विझला. मशीन थांबतं. तिथपर्यंत ठीकच आहे. पण पडद्यावर मी वाक्य लिहून ठेवलं होतं, ‘स्टॉप बटण दाबलं.’ मशीनने एवढंच सांगितलं होतं की दिवा विझला. तो कोणीतरी हाताने विझवला, हे माझं वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडुपला पोचले आणि आधी ती आतली नोंद उघडली. बोलणं तुटल्याच्या खुणांची रांगच लागली होती, आणि वेळा पडद्यावरच्या यादीशी तंतोतंत जुळत होत्या. प्रश्न राहिला, आठ वर्षं न तुटलेलं बोलणं आता का तुटतं. सावंत साहेबांना म्हटलं, मला वंदनाताईंना भेटायचंय. ते म्हणाले, बोलावतो. मी म्हटलं, नको, मी जाते.

ती पॅकिंगच्या टेबलाशी बाटल्या खोक्यात भरत होती. मला बघूनही तिचे हात थांबले नाहीत. मी म्हटलं की माझ्याकडून चूक झाली आहे. तिने पुढची बाटली उचलली. मी म्हटलं, त्या दिवशी तुम्ही लिहून ठेवलेलं काही दाखवणार होता. मग हातातलं खोकं पूर्ण भरून, चिकटपट्टी लावून, बाजूला ठेवून ती म्हणाली, ‘‘मोबाइल लॉकरमध्ये आहे. जेवणाच्या सुट्टीत या.’’

मी सुट्टी होईपर्यंत थांबले. तिने कॅन्टीनमध्ये फोन पुढे केला. तिच्या घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे फोटो होते. सिलिंडर कधी लावला, मुलीची परीक्षा कधी, अशा नोंदींमध्ये निळ्या पेनने बारीक अक्षरं होती. ‘११.२०, बंद. लिफ्ट.’ ‘३.०५, बंद. लिफ्ट.’ भरायच्या खोलीत वही-कागद न्यायला बंदी, म्हणून ती वेळा डोक्यात ठेवायची आणि घरी गेल्यावर लिहायची. दोन महिन्यांच्या नोंदी होत्या, आणि बहुतेकींपुढे लिफ्ट लिहिलेलं होतं.

मी विचारलं की लिफ्टचं कसं लक्षात आलं. ती म्हणाली, मशीन चालू असताना काहीच ऐकू येत नाही. ते थांबलं की एकदम शांत होतं, आणि प्रत्येक वेळी त्या शांततेत माल लिफ्ट वर जाताना ऐकू यायची. रिकामी नाही, भरलेली. भरलेली असली की ती वेगळी कण्हते.

मी एकतीस वर्षांत खूप हुशार माणसं बघितली. पण कारण नक्की झालं नसताना, फक्त जे ऐकलं तेवढंच लिहून ठेवायची शिस्त फार थोड्यांकडे होती. त्या दिवशी माझ्याकडेही नव्हती.

आता पुढचा शोध सोपा होता. माल लिफ्टला तीन महिन्यांपूर्वी नवी मोटर बसवली होती आणि तिचा वेग कमी-जास्त करणारं नवं यंत्र. असं यंत्र स्वतःच्या केबलभोवती विजेचा प्रचंड गोंगाट करतं. ती केबल ठेकेदाराने कुठून नेली होती? छतालगतच्या पत्र्याच्या पन्हाळीत, माझ्या जांभळ्या केबलच्या अंगाला अंग लावून. दोन माणसं हळू आवाजात बोलताहेत आणि मधोमध बँजो पार्टी वाजतेय, तशी अवस्था.

खात्री करायची होती. सावंत साहेबांनी लिफ्टमध्ये भरलेल्या पेट्या चढवायला सांगितल्या. मी पॅनेलसमोर लॅपटॉप घेऊन बसले आणि वंदनाला माझ्या शेजारी उभं राहायला सांगितलं. पडद्यावर एक आकडा होता, न पोचलेल्या निरोपांचा. लिफ्ट तळाशी असताना तो स्थिर होता. लिफ्ट निघाली आणि आकडा पळू लागला. पहिल्यांदा लाइन थांबली नाही. दुसऱ्यांदाही नाही. चौथ्या फेरीला वरच्या मजल्यावरचं मशीन गप्प झालं आणि पडद्यावर ओळ आली, स्टॉप बटण दाबलं. वर कोणीही नव्हतं. ऑपरेटरलाही आम्ही खाली बोलावून घेतलं होतं.

वंदना वाकून ती ओळ वाचू लागली. मग हळूच म्हणाली, ‘‘मला वाटायला लागलं होतं की माझाच हात लागत असेल. झोपेतसुद्धा हात जवळ घेऊन झोपायचे मी.’’



केबल वेगळी करून घेतली. ते करताना आणखी एक गोष्ट सापडली. अशा केबलच्या दोन्ही टोकांना एक बारीक खटका असतो. तो लावला नाही तर निरोप टोकाला आपटून परत फिरतो आणि स्वतःच्याच पुढच्या निरोपात मिसळतो. पहिल्या मजल्यावरच्या टोकाचा खटका लावलेलाच नव्हता. आठ वर्षं. तेव्हा जोडणी तपासून सही करणारी मीच होते. शांत घरात ते खपून गेलं, शेजारी गोंगाट आला आणि उघडं पडलं. मी खटका लावला. प्रोग्रॅममध्येही दुरुस्ती केली. बोलणं तुटलं तर मशीन थांबेल, पण पडद्यावर येईल, ‘पहिल्या मजल्याशी संपर्क तुटला, कारण शोधा.’ सबंध दिवस भरलेली लिफ्ट वर-खाली करून बघितली. आकडा हलला नाही.

राहिला कागद. आमच्या ऑफिसातून फोनवर सल्ला मिळाला की केबल हलवली एवढंच लिहा, जुन्या रिपोर्टचा उल्लेख कशाला. सावंत साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांचंही म्हणणं होतं की तिला परत मशीनवर घेतो, विषय संपला. मला हे सोयीचं वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. आठ वर्षांचा जुना ग्राहक, माझी दोन ठिकाणची चूक आणि निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली.

वंदना तिथेच उभी होती. ती सावंत साहेबांना म्हणाली, ‘‘साहेब, माझ्या फायलीत मॅडमचा कागद आहे. तो सगळ्यांनी वाचला. मला तेवढं इंग्रजी येत नाही, मी माझ्या मुलीकडून वाचून घेतला.’’ मग माझ्याकडे वळली. ‘‘मॅडम, आता मराठीत लिहा. मला वाचायचाय.’’

मी एकतीस वर्षांत मराठीत लिहिलेला तो पहिला रिपोर्ट. सावंत साहेबांच्या टेबलावर, कोऱ्या कागदावर, हाताने. मला वाटलं होतं शब्द सापडणार नाहीत. शब्द सापडले, पण लपायला जागा सापडेना. इंग्रजीत मी ‘चुकीची नोंद आढळून आली’ अशा धाटणीचं काहीतरी लिहून मोकळी झाले असते. इथे समोरची बाई वाचणार होती. मी लिहिलं की मशीन केबलमधल्या दोषामुळे थांबत होतं. ते ऑपरेटरने थांबवलं नव्हतं. माझा आधीचा रिपोर्ट केबल न तपासता लिहिला होता आणि तो चूक आहे. टोकाचा खटका लावायचा राहिला, ती चूक माझी. दोष ऑपरेटरच्या नोंदींमुळे सापडला.

तिने उभ्यानेच वाचला. सावकाश, ओठ हलवत. मग कागद परत टेबलावर ठेवला आणि ‘ऑपरेटर’ या शब्दावर बोट टेकवलं.

‘‘इथे नाव लिहा.’’

मी दोन्ही ठिकाणी शब्द खोडून वंदना गायकवाड लिहिलं आणि खाडाखोडीपाशी सही केली. सावंत साहेबांनी तो कागद वाचला, खाली मेमो मागे घेतल्याचं लिहून आपली सही केली आणि स्वतः उठून झेरॉक्स काढून तिच्या हातात दिली. आमच्या ऑफिसात थोडी बोलणी खावी लागली. ग्राहक मात्र कुठे गेला नाही. उलट त्या वर्षी दुसऱ्या लाइनचं कामही आम्हालाच मिळालं.

वंदना सोमवारी मशीनवर परत आली. पुढच्या प्रत्येक भेटीत ती दहा मिनिटं माझ्यासाठी राखून ठेवायची. हा ठोकळा कशाचा, हा दिवा कधी लागतो, तारेवर नंबर का लिहितात. माझं लक्ष घड्याळाकडे जायचं, पण मी उत्तर देत असे. हळूहळू सावंत साहेबांना आमच्याकडे फोन करायची गरज कमी पडू लागली. बारीकसारीक गोष्टी वंदनाच बघायची. दोन वर्षांनी कारखान्यानेच तिला देखभाल विभागात घेतलं. तिथेही पहिली बाई तीच.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. महिन्याभरातच वंदनाचा फोन आला. पॅकिंगमधल्या पाच मुलींना ऑपरेटर करायचं ठरलंय, शनिवारी दोन तास शिकवायला याल का, मराठीतून. मी हो म्हटलं. तेव्हापासून दर शनिवारी मी भांडुपला जाते. कॅन्टीनच्या भिंतीला एक फळा टेकवून ठेवतात आणि मी त्यावर ठोकळे काढते. मुली धीट आहेत. माझं अक्षर वाचता येत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

मागच्या शनिवारी उलट्या जोडलेल्या लाल बटणाचा धडा होता. मी नेहमीसारखं समजावलं की बटण दाबलं तरी दिवा विझतो आणि तार तुटली तरी दिवा विझतो, म्हणून मशीन सुरक्षित थांबतं. मागे बसलेल्या एका मुलीने हात वर केला.

‘‘मग कोणी दाबलं की वायर तुटली, हे मशीनला कसं कळणार?’’

माझ्या हातात खडू होता. मी तो शेजारी बसलेल्या वंदनाकडे दिला. ती उठली आणि मुलींकडे बघून म्हणाली, ‘‘मशीनला नाही कळत. ते आपण जाऊन बघायचं.’’